जड पाणी आणि घरातला बॉयलर

दरवर्षी दसऱ्याच्या सुमारास कारखान्यात बॉयलर अग्निप्रदीपनाचा कार्यक्रम होतो. आपण सगळे येता. पूजा होते, नारळ फुटतो, बॉयलरला अग्नी दिला जातो आणि गळीत हंगामाचे वेध लागतात. मात्र त्या दिवसाआधी दोन-तीन महिने आत काय काम चाललेलं असतं, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. बॉयलरची एकेक नळी आतून साफ केली जाते. पाण्याचा दाब देऊन तो तपासतात. सेफ्टी व्हॉल्व्ह उघडून पाहतात. सरकारी तपासणी झाल्याशिवाय बॉयलर पेटवताच येत नाही. हंगाम सुरू झाला की बॉयलरमध्ये जाणारे पाणी लॅबमध्ये रोजच्या रोज, पाळीपाळीने तपासले जाते. पाण्यात जडपणा दिसला की केमिस्टपासून फायरमनपर्यंत सगळ्यांची धावपळ उडते.

आता आम्ही आपणास एकच प्रश्न विचारतो. आपल्या घरातला बॉयलर शेवटचा कधी तपासला?

आपण म्हणाल, आमच्या घरी कुठला आलाय बॉयलर? आहे, बंधूंनो. न्हाणीघरात भिंतीला टांगलेला आहे. आपण त्याला गीझर म्हणतो.

आक्कांचा प्रश्न

हा विषय आमच्या डोक्यात आला तो एका ऊस पीक परिसंवादात. होटगी भागातल्या सभासदांची बैठक होती. आम्ही नेहमीप्रमाणे बेणे निवड, पाचट आच्छादन, ठिबक यावर बोललो. शंका-समाधान सुरू झालं. मागच्या रांगेतल्या एक वयस्कर सभासद भगिनी उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "साहेब, उसाचं झालं. आता आमच्या घरचं सांगा. पोरानं गीझर आणला, दोन हिवाळ्यात दोनदा कॉईल जळाली. वाशिंग मशीनमधनं कपडे काढले तर पांढरी भुकटी पडती. तुरीची डाळ कुकरात तीन शिट्ट्या जास्त घेती. सोलापूरला लेकीकडं तीच डाळ लोण्यासारखी शिजती. आमच्या पाण्यात काय हाय?"

सगळे हसले. आम्हीही हसलो आणि म्हणालो, "आक्का, पाणी जड आहे, दुसरं काही नाही." त्यांनी लगेच विचारलं, "ते ठाऊक हाय. त्यावर करायचं काय?"

त्यावर आम्हापाशी धड उत्तर नव्हतं. "बघू, चौकशी करून सांगतो," म्हणून आम्ही बैठक आवरती घेतली. चौकशी मात्र केली नाही. ती करायची वेळ आमच्या स्वतःच्या घरात आली तेव्हा डोळे उघडले.

आमच्याच घरची गोष्ट

आमच्या घरी पंचवीस लिटरचा गीझर आहे. त्याला खाली एक छोटा व्हॉल्व्ह असतो, त्यातून पाणी तापताना थेंब थेंब गळतं. न्हाणीघराची फरशी सतत ओली राहते आणि गळेल तिथे पांढरा डाग धरतो. घरातून रोज तक्रार. आम्ही एका रविवारी त्या व्हॉल्व्हच्या नळीला लाकडाची खुंटी ठोकली, वरून दोरा गुंडाळला. गळणं बंद झालं. आपण मोठं काम केलं असं आम्हास वाटलं.

पुढे महिन्या-दीड महिन्यात गीझरमधून तडतड आवाज यायला लागला. पाणी तापायला वेळ लागू लागला आणि विजेचं बिल चढलं. शेवटी ऐन थंडीत गीझर बंद पडला. आम्ही कंपनीला दोन शब्द सुनावून मिस्त्रीला बोलावलं. पोरगा तरुण होता, आयटीआय झालेला. त्याने बटण बंद केलं, पाणी काढलं आणि खालची झाकणी उघडली. आतून पांढऱ्या-पिवळ्या खपल्या धबाधबा पडल्या. अर्धी बादली भरली. कॉईल दिसतच नव्हती, मक्याच्या कणसाएवढी जाड झाली होती.

त्याने खपल्यांकडे पाहिलं, मग त्या खुंटीकडे पाहिलं. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "साहेब, ही खुंटी कुणी ठोकली?"

आम्ही म्हणालो, "आम्हीच."

"तुम्ही कारखान्यात आहात ना साहेब? तिथल्या बॉयलरच्या सेफ्टी व्हॉल्व्हला अशी खुंटी ठोकाल का?"

आम्ही गप्प बसलो. त्या गीझरखाली आमची दोन्ही लेकरं रोज आंघोळ करत होती.

तो व्हॉल्व्ह गळत होता ते त्याचं कामच होतं. पाणी तापलं की फुगतं. पंचवीस लिटर पाणी चांगलं कढत झालं की त्याला अर्ध्या लिटरच्या आसपास जागा जास्त लागते. ते जास्तीचं पाणी त्या व्हॉल्व्हवाटे बाहेर येतं. वाट बंद केली आणि त्याच वेळी थर्मोस्टॅट बिघडला, तर बंद टाकीत दाब वाढत जातो आणि टाकी फुटू शकते. यात आणखी गोम अशी की, जड पाण्याच्या भागात खुंटी ठोकायचीही गरज नसते. पाण्यातला चुनाच हळूहळू त्या व्हॉल्व्हचं तोंड बंद करतो. आपल्याला वाटतं, बरं झालं, गळायचं थांबलं.

शेतकऱ्याच्या बांधावर जाऊन ठिबकच्या नळ्या आम्लाने कशा धुवायच्या हे आम्ही आजवर किती वेळा सांगितलं असेल, याची मोजदाद नाही. आणि आमच्या घरात तोच चुना, त्याच पाण्याचा, आमच्या डोक्यावर साचत होता. आक्कांचा प्रश्न आम्ही हसण्यावारी नेला याची तेव्हा लाज वाटली. म्हणून हा लेख.

पाणी जड होतं कसं?

शाळेच्या पुस्तकात आपण दुष्फेन आणि सुफेन पाणी शिकलो. ज्यात साबणाला फेस येत नाही ते दुष्फेन, म्हणजे आपलं जड पाणी. पाण्यात विरघळलेल्या कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या क्षारांमुळे ते जड होतं.

पावसाचं पाणी आभाळातून पडतं तेव्हा मऊ असतं. ते जमिनीत मुरताना मातीतला कार्बन डायऑक्साईड वायू घेतं आणि किंचित आंबट होतं. मग ते आपल्या काळ्या पाषाणाच्या फटींतून, मुरमातून, चुनखडीच्या थरातून खाली उतरतं आणि वाटेत कॅल्शियम-मॅग्नेशियम विरघळवून घेतं. जितकं खोल आणि जितके जास्त दिवस ते खडकाच्या संगतीत राहील, तितके क्षार त्यात जास्त उतरण्याचा संभव. म्हणून ओढ्या-नदीचं पाणी सहसा मऊ, विहिरीचं त्याहून जड आणि खोल बोअरचं बहुधा सगळ्यात जड. १९७२ च्या दुष्काळानंतर गावोगाव बोअर झाले. त्यांनी आपली तहान भागवली हे खरंच, पण जड पाणीही त्याच वाटेने स्वयंपाकघरात आलं.

होटगी परिसरात एकाच गल्लीत दोन चवीचं पाणी मिळतं. नळाला कधी नदीचं, कधी विहिरीचं, कधी दोन्ही मिसळून येतं. सोलापूर शहराला उजनी धरणातून, टाकळीला भीमा नदीतून आणि हिप्परग्याच्या तलावातून पाणी येतं. हे सगळं उघड्यावरचं पाणी. आक्कांच्या लेकीची डाळ लोण्यासारखी का शिजते, त्याचं उत्तर बहुधा इथेच आहे.

आपल्यापैकी ज्यांच्या रानात चुनखडी आहे त्यांना दुसरी खूण सांगतो. ज्या रानात उसावर केवडा पडतो, म्हणजे कोवळी पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, तिथे चुन्यामुळे उसाला लोह मिळत नाही. आपण हिराकस शेणखतात मिसळून देतो. अशा रानातल्या विहिरीचं पाणी घरात वापरत असाल तर गीझर उघडायच्या आधीच ओळखा की आत काय सापडणार.

जडपणा दोन प्रकारचा असतो. एक तात्पुरता. यातले क्षार बायकार्बोनेटचे असतात. पाणी तापवलं की वायू उडून जातो आणि चुना खाली बसतो. दुसरा कायमचा. यातले क्षार सल्फेट आणि क्लोराईडचे असतात, ते उकळून जात नाहीत. गीझर, किटली, बंब यांत जो थर धरतो तो मुख्यतः पहिल्या प्रकारचा. जिथे पाणी तापतं तिथेच चुना बसतो, हे ध्यानात ठेवा. म्हणून थंड पाण्याच्या पाईपला वर्षानुवर्षं काही होत नाही आणि कॉईल दोन हिवाळ्यांत जाते.

थोडा हिशेब

पिण्याच्या पाण्यासाठी आपल्या देशाचं जे मानक आहे, त्यात एकूण जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा असं म्हटलं आहे. दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावा. समजा आपल्या नळाचं पाणी मधलं, ३०० मिलिग्रॅमचं आहे आणि घरात रोज शंभर लिटर पाणी तापतं. म्हणजे रोज तीस ग्रॅम, महिन्याला नऊशे ग्रॅम क्षार गीझरमधून जातात. सगळे काही आत बसत नाहीत, बरेच पाण्याबरोबर बाहेर पडतात. नुसता दहावा हिस्सा आत राहिला असं धरलं तरी वर्षाला किलोभर चुना झाला. आमची अर्धी बादली काही एका दिवसात भरली नव्हती.

हा थर उष्णता पुढे जाऊ देत नाही. तांब्याच्या मानाने चुन्याच्या थरातून उष्णता शंभरपटीहूनही कमी वाहते. कॉईल आत लालबुंद होते, पाणी मात्र गार राहतं. वीज जळते आणि एक दिवस कॉईलही जळते. दोष कंपनीचा नव्हता, हे आम्हास नंतर कळलं.

साबणाचाही हिशेब ऐका. जड पाण्यात साबण आधी कॅल्शियमशी लागतो, त्याची चिकट साय होते, आणि सगळं कॅल्शियम संपल्यावर मग फेस येतो. ३०० मिलिग्रॅमच्या पाण्याची वीस लिटरची एक बादली घेतली, तर पहिला फेस यायच्या आधीच पस्तीस ग्रॅमच्या आसपास साबण वाया जातो. कपड्याची वडी पंधरवड्यात का संपते, म्हणून सुनेला बोल लावण्याआधी हा हिशेब करावा. धुण्याच्या पावडरीला जड पाण्याचा त्रास कमी होतो, पण तीही जास्त लागते. कपडे कडक होतात, पांढऱ्याला मळकट झाक येते.

आणि तुरीची डाळ! डाळीच्या कणांना धरून ठेवणारा जो पदार्थ असतो, त्याला पाण्यातलं कॅल्शियम आणखी घट्ट करतं. म्हणून डाळ गळत नाही. चिमूटभर सोडा टाकला की शिजते, पण सोड्याने डाळीतलं एक जीवनसत्त्व नष्ट होतं. रोज सोडा टाकू नये. डाळीपुरतं पाणी आधी उकळून, गार करून, वरचं निवळ घ्यावं. तात्पुरता जडपणा असेल तर फरक लगेच दिसतो.

कारखाना काय करतो?

कारखान्याची अडचण आपल्यासारखीच आहे, फक्त आकाराने मोठी. रस शुद्ध करताना आपण त्यात चुन्याची निवळी आणि गंधकाचा धूर घालतो. रसातला थोडा चुना पुढे इव्हॅपोरेटरच्या बॉड्यांत जातो आणि नळ्यांना आतून थर धरतो. रस आटायला वेळ लागतो, वाफ जास्त लागते, गाळप मंदावतं. म्हणून हंगामात ठराविक दिवसांनी बॉड्या कॉस्टिक सोड्याने उकळून, ब्रश फिरवून साफ कराव्या लागतात.

बॉयलरची गोष्ट त्याहून नाजूक. त्याला विहिरीचं पाणी तसंच कधी देत नाहीत. उसातच सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. रस आटवताना त्याची जी वाफ होते, ती गार होऊन शुद्ध पाणी मिळतं. तेच बॉयलरला परत देतात. कमी पडलं तर बाहेरचं पाणी यंत्रात मऊ करून घेतात. आपल्या शेजारी आहेरवाडी-फताटेवाडीला १३२० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र आहे, पाणी उजनीचं. तिथल्या बॉयलरला तर क्षार जवळजवळ शून्यावर आणलेलं पाणी लागतं.

होटगी हे जुनं जंक्शन. गदगकडे जाणारी मीटरगेज गाडी इथून सुटायची. वाफेच्या इंजिनांच्या काळात लोको शेडमध्ये ठराविक दिवसांनी इंजिनाचा बॉयलर रिकामा करून आतला गाळ आणि खपल्या धुऊन काढत. जड पाण्याला रेल्वेवालेही भीत असत. ज्यांच्या घरातले कुणी रेल्वेत होते त्यांना हे सांगायला नको. इतके मोठे कारभार पाण्यापुढे हात जोडतात, आणि आपण मात्र गीझर बसवून दहा वर्षं त्याच्याकडे बघत नाही.

घरात करायच्या गोष्टी

पहिली गोष्ट, आपलं पाणी ओळखा. काचेची सारखी झाकणाची तीन बाटल्या घ्या. एकीत नळाचं, दुसरीत बोअरचं, तिसरीत पावसाचं किंवा बॅटरीत घालायचं पाणी अर्ध्यापर्यंत भरा. प्रत्येकीत अंगाच्या साध्या साबणाचा हरभऱ्याएवढा तुकडा टाकून जोरात हलवा. फेस किती आणि साय किती ते डोळ्यांना दिसतं. आमच्या लॅबमधल्या केमिस्टांनी आम्हास हेच करून दाखवलं. आमच्या घरच्या बाटलीत फेसाऐवजी दह्यासारख्या गुठळ्या झाल्या. नक्की आकडा हवा असेल तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना देता येतो. जल जीवन मिशनमधून गावातल्या भगिनींना पाणी तपासणीचं किट वापरायला शिकवलं आहे. ग्रामपंचायतीत चौकशी करावी.

दुसरी, गीझर. वर्षातून एकदा, थंडीच्या आधी, मिस्त्रीकडून उघडून साफ करून घ्या. स्वतः उघडू नका, वीज आणि पाणी एकत्र आहे. आतला मॅग्नेशियमचा दांडा झिजला असेल तर बदला. तो दांडा स्वतः झिजून टाकीला गंजापासून वाचवतो. तापमान ५५ ते ६० अंशांवर ठेवा, जितकं जास्त तापवाल तितका चुना जास्त बसतो. सेफ्टी व्हॉल्व्हची दांडी महिन्या-दोन महिन्यांनी उचलून पाणी येतं का बघा, गरम पाण्यापासून हात मात्र जपा. आलं नाही तर त्याच दिवशी गीझर बंद करा आणि व्हॉल्व्ह बदला. नळी गळते म्हणून तिला काहीही ठोकू नका. खाली डबा ठेवा.

तिसरी, किटली आणि धुण्याचं यंत्र. किराणा दुकानात लिंबूसत्व मिळतं, त्यालाच काही जण लिंबाचं फूल म्हणतात. किटलीत लिटरभर पाण्यात दोन चमचे घालून उकळा, अर्धा तास ठेवा, दोनदा विसळा. आतून बुडबुडे येतील. चुना बसताना जो वायू उडून गेला होता, तोच हा वायू. धुण्याचं यंत्र दोन महिन्यांतून एकदा कपड्यांशिवाय, शंभर ग्रॅम लिंबूसत्व घालून गरम पाण्यावर फिरवावं. पाणी आत येतं तिथली छोटी जाळी काढून घासावी, यंत्र पाणी घेत नाही अशी अर्धी तक्रार तिथेच मिटते. संडास धुण्याचं ॲसिड यात कधीही वापरू नका. ते ॲसिड आणि ब्लीचिंग एकत्र झालं तर विषारी वायू निघतो.

चौथी, कूलर. उन्हाळ्यात कूलरचं पाणी उडून जातं, क्षार टाकीत राहतात आणि गवताच्या जाळीवर पांढरे बसतात. आठवड्याला टाकी रिकामी करून ताजं पाणी भरा. जाळी जास्त टिकेल.

पाचवी, छतावरचा सौर बंब. त्याच्या नळ्यांतही चुना धरतो. बसवतानाच सांगा की आमचं पाणी जड आहे, आतलं पाणी वेगळं फिरणारा प्रकार दाखवा. जुना असेल तर वर्षाला साफ करून घ्या.

फसू नका

जड पाण्याचं नाव काढलं की विक्रेते येतात. एक प्रकार आम्ही डोळ्यांनी पाहिला. माणूस दोन ग्लास घेतो, एकात आपलं पाणी, दुसऱ्यात त्याच्या यंत्राचं. दोन्हींत विजेच्या सळ्या बुडवतो. आपलं पाणी तपकिरी, किळसवाणं होतं, त्याचं स्वच्छ राहतं. घरातल्या बाया घाबरतात. त्यात तथ्य एवढंच की पाण्यातल्या क्षारांमधून वीज वाहते आणि सळीचं लोखंड गंजून पाण्यात उतरतं. तो रंग सळीचा आहे, पाण्यातल्या घाणीचा नव्हे. पाईपला लोहचुंबक बांधून जडपणा जातो म्हणणाऱ्यांचाही भरवशाचा पुरावा आम्हास मिळाला नाही.

आर.ओ. यंत्र पिण्याच्या पाण्यातले क्षार काढतं, पण लिटरभर पाण्यामागे दोन-तीन लिटर फेकून देतं. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने मे २०१९ मध्ये म्हटलं होतं की, एकूण क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत असतील तिथे आर.ओ. ची गरज नाही. आधी तपासा, मग घ्या. घेतलंच तर फेकलेलं पाणी फरशी, संडास यांना वापरा.

मऊ करणाऱ्या यंत्रात मीठ घालावं लागतं. ते यंत्र कॅल्शियम काढून त्याच्या जागी सोडियम देतं. कपडे आणि गीझर यांना ते चांगलं, पण ज्यांना रक्तदाब आहे त्यांनी ते पाणी प्यायला घेऊ नये. आणि त्याचं खारट सांडपाणी परसात, झाडांना मुळीच सोडू नका. सोडियमने काळी जमीन चोपण होते, हे आपल्या सभासदांना आम्ही सांगायला नको.

जड पाणी प्यायल्याने मुतखडा होतो अशी समजूत आहे. जडपणामुळे आरोग्यास धोका आहे म्हणून कमाल मर्यादा घालावी, असं जागतिक आरोग्य संघटनेनेही ठरवलेलं नाही. उलट कमी पाणी पिणं खड्याला जास्त आमंत्रण देतं. तेव्हा भीतीपोटी नव्हे, हिशेबाने खर्च करावा.

छताचं पाणी

आपल्या भागात वर्षाला ५०० ते ६०० मिलिमीटर पाऊस पडतो. पाचशे चौरस फुटांच्या स्लॅबवर त्यातलं अठरा हजार लिटरच्या आसपास पाणी धरता येतं. हे पाणी मऊ असतं. पहिला पाऊस सोडून द्यावा, मग वाळू-कोळशातून गाळून टाकीत घ्यावं. निदान दोन हजार लिटरची टाकी भरली तरी डाळ, चहा, इस्त्री यांचं काम बरेच दिवस भागतं. शेततळ्याला आपण तयार होतो, मग स्लॅबच्या पाण्याला का नाही?

आमच्या पदरचं एक खरं बोलणं

ऊस विकास अधिकाऱ्याने हे लिहू नये असं काहींना वाटेल. पण जमिनीखालचं पाणी आपण उपसून उपसून खोल नेलं, त्यात उसाचाही वाटा आहे. पाट भरून दिलेल्या पाण्यातलं बरंच उडून जातं, क्षार मागे राहतात, आणि उरलेलं पाणी ते क्षार घेऊन पुन्हा विहिरीत उतरतं. दरवर्षी तेच पाणी थोडं जास्त जड होऊन आपल्या घागरीत येतं. ठिबक हे नुसतं उसाचं उत्पन्न वाढवायचं साधन नाही. ते आपल्याच स्वयंपाकघराचं पाणी राखायचं साधन आहे. ज्यांच्याकडे ठिबक आहे त्यांनी चुन्याने ड्रीपर बंद होऊ नयेत म्हणून आम्ल प्रक्रिया वेळेवर करावी. पाण्याचा सामू चारच्या आसपास येईपर्यंत आम्ल सोडायचं, चोवीस तास ठेवायचं, मग नळ्यांची टोकं उघडून धुवायच्या. आम्ल पाण्यात टाकायचं, पाणी आम्लात कधीही नाही. माहिती गट ऑफिसात मिळेल. माती परीक्षणाचा नमुना आणता तेव्हा विहिरीच्या पाण्याचीही बाटली बरोबर आणा.

असो. त्या आक्का पुढच्या बैठकीला भेटल्या तेव्हा आम्ही त्यांना हे सगळं सांगितलं, खुंटीची गोष्टही लपवली नाही. त्या म्हणाल्या, "साहेब, हे आधी सांगायचं होतं. आमच्या पोरानंबी चिंधी बांधलीय त्या नळीला." त्याच संध्याकाळी ती चिंधी निघाली, असा निरोप आला.

सभासद बंधू-भगिनींनो, आपल्याही घरात अशी खुंटी किंवा चिंधी असेल. आज घरी गेल्यावर एकदा वर मान करून बघा. खंडेनवमीला आपण विळा-कोयत्यापासून ट्रॅक्टरपर्यंत सगळ्याची पूजा करतो. यंदा त्याच्या आधी गीझर उघडून साफ करा, व्हॉल्व्ह तपासा, आणि मग त्यालाही हळद-कुंकू लावा. कारखान्याच्या बॉयलरचं अग्निप्रदीपन होईल तेव्हा घरातला बॉयलरही निर्धोक असू द्या.